पोटातली बुरशी आणि तिच्या नावावर चालणारं पथ्य

सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरायच्या आधी, पाण्याच्या ग्लासात थुंका. पंधरा-वीस मिनिटं थांबा. थुंकीतून खाली दोरे लोंबताना दिसले, तर तुमच्या अंगात कँडिडा नावाची बुरशी वाढलीय. या धाटणीचे व्हिडिओ सध्या एकामागून एक समोर येतात. दोरे बहुतेकांना दिसतात. मग लक्षणांची यादी येते: सततचा थकवा, पोट फुगणं, गोड खाण्याची ओढ, डोक्यात धुकं भरल्यासारखं वाटणं, अंगाला खाज, चिडचिड, सांधे दुखणं. यादीपाठोपाठ उपाय येतो. साखर बंद, पाव बंद, फळंसुद्धा बंद, आणि सोबत ‘अँटी-कँडिडा’ सप्लिमेंटचा काही महिन्यांचा कोर्स.

ही यादी वाचून ‘यातलं मला काहीच होत नाही’ म्हणणारा प्रौढ माणूस शोधून सापडणार नाही. पण म्हणून वाचणाऱ्याचा त्रास खोटा ठरत नाही. थकवा खरा असतो, फुगलेलं पोट खरं असतं. त्या त्रासाला चिकटवलेलं नाव बरोबर आहे का, एवढाच प्रश्न आहे. आणि पथ्य किंवा गोळ्या सुरू करून त्याचं उत्तर मिळेल असं बहुतेकांना वाटतं. तसं ते का मिळत नाही, हे समजून घ्यायला थोडं मुळापासून यावं लागेल.

## कँडिडा म्हणजे नक्की काय

कँडिडा हे यीस्ट आहे. यीस्ट म्हणजे एकेका पेशीची, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी बुरशी. कँडिडाच्या पुष्कळ जाती आहेत. माणसाच्या अंगावर सर्वांत जास्त आढळते ती कँडिडा अल्बिकन्स. धडधाकट माणसांपैकीही खूप जणांच्या तोंडात, आतड्यात, योनीमार्गात ती कायम असते आणि कसलाही उपद्रव देत नाही. आतड्यात अब्जावधी जिवाणूंच्या शेजारी ती अगदी अल्पसंख्य असते. तिथल्या सूक्ष्मजीवांत सगळ्या बुरश्या मिळूनही हजारात एक भरत नाहीत.

शेतातल्या तणासारखं तिचं आहे. तणाचं बी कुठल्याही मातीत असतंच. पीक दाट उभं असेल तर त्याला डोकं वर काढायला ऊन मिळत नाही, जागा मिळत नाही. पीक मेलं, विरळ झालं की तेच तण रान व्यापतं. आतड्यातलं आणि योनीमार्गातलं दाट पीक म्हणजे तिथले उपयोगी जिवाणू. अँटिबायोटिकने जिवाणू मरतात, बुरशीला मात्र त्याचा काही त्रास होत नाही. त्यामुळे कोर्स संपता संपता काही बायकांना योनीमार्गात खाज सुटते, ती उगाच नाही. शेतावर राखण करणाऱ्याची भूमिका रोगप्रतिकारशक्तीची. ती ढासळली तरी तण माजतं.

या बुरशीकडे आणखी एक कसब आहे. एरवी ती गोल पेशींच्या रूपात निवांत राहते, पण परिस्थिती बदलली की लांब तंतू काढते आणि त्या तंतूंनी शरीराच्या अस्तरात घुसते. असं करताना ती पेशींना भोकं पाडणारं एक विष सोडते. कँडिडालायसिन हे त्याचं नाव, आणि त्याचा शोध लागला २०१६ मध्ये. म्हणजे कँडिडा निरुपद्रवी आहे, सगळं थोतांड आहे, असंही कुणी म्हणू नये.

## खरा आजार असतो तेव्हा तो कसा दिसतो

तो दिसतो, हे महत्त्वाचं. तोंडात झाला तर जिभेवर, गालाच्या आतून पांढरे थर येतात. ते पुसले की खाली लाल, हुळहुळी जागा दिसते. तान्ही बाळं, कवळी वापरणारे, दम्यासाठी स्टेरॉइडचा इनहेलर घेऊन चूळ न भरणारे, यांच्यात तो जास्त आढळतो. जिभेवरचा रोजचा पांढुरका लेप म्हणजे हा आजार नव्हे. योनीमार्गात झाला तर खाज, आग आणि फुटलेल्या दह्यासारखा घट्ट स्राव. चारपैकी तीन स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येतो. काखेत, स्तनांखाली, जांघेत, बाळाच्या लंगोटाखाली ओलसर कातडी लाल होते, कडेला बारीक पुटकुळ्या येतात. (गजकर्ण आणि नायटा मात्र वेगळ्या बुरश्यांमुळे होतात.) प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या माणसाच्या अन्ननलिकेत ही बुरशी पसरली तर गिळताना दुखतं.

सर्वांत भयंकर प्रकार म्हणजे ती रक्तात उतरणं. हा प्रकार अतिदक्षता विभागात, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, केमोथेरपीत, मोठ्या शिरेत दीर्घकाळ नळी असलेल्या रुग्णांत घडतो आणि त्यात मृत्यूचं प्रमाण मोठं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये घातक बुरश्यांची पहिली यादी काढली. तिच्या सर्वांत वरच्या गटातल्या चारांपैकी दोन कँडिडाच्या आहेत: अल्बिकन्स आणि औषधांना दाद न देणारी ऑरिस.

या सगळ्या आजारांमध्ये बोट ठेवून दाखवता येईल असं काहीतरी असतं. डाग असतो, स्राव असतो, सूक्ष्मदर्शकाखाली तंतू असतात, रक्ताच्या कल्चरमध्ये (म्हणजे नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्यात) वाढ असते. व्हिडिओतल्या यादीत असं एकही लक्षण नसतं.

आणि जिथे लक्षण ठळक असतं तिथेही स्वतःचं निदान स्वतः करणं फसवं ठरतं. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दुकानातून स्वतःहून योनीमार्गाच्या बुरशीचं औषध घेतलेल्या ९५ स्त्रियांना तपासलं. निव्वळ कँडिडाचा संसर्ग निघाला त्यांतल्या जेमतेम एक तृतीयांश जणींना. बाकीच्यांना दुसरंच काहीतरी होतं. खाज आणि स्राव समोर असताना एवढी चूक होत असेल, तर ‘थकवा आणि चिडचिड’ यावरून बुरशी ओळखण्याचा दावा किती भरवशाचा असेल?

## मग ही कल्पना आली कुठून

अमेरिकेतून. अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात सी. ओरियन ट्रस नावाचे डॉक्टर होते. थकवा, नैराश्य, डोकेदुखी अशा पसरट तक्रारींमागे आतड्यातली कँडिडा असते, असं त्यांनी १९७८ पासून लिहायला सुरुवात केली. १९८३ मध्ये विल्यम क्रूक या बालरोगतज्ज्ञांनी ही कल्पना एका लोकप्रिय पुस्तकातून घरोघरी पोहोचवली, गुण मोजायच्या प्रश्नावलीसकट. आज व्हिडिओत दिसणारी यादी त्याच प्रश्नावलीची नात म्हणायला हरकत नाही.

१९८६ मध्ये अमेरिकेतल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने या कल्पनेला अधिकृतपणे ‘अटकळ, सिद्ध न झालेली’ ठरवलं. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो १९९० चा प्रयोग, कारण त्यात नुसतं मत दिलेलं नव्हतं, प्रत्यक्ष तपासून पाहिलेलं होतं. योगायोग असा, की तोही बर्मिंगहॅममध्येच झाला. अशा तक्रारी असलेल्या ४२ स्त्रियांना आलटून पालटून निस्टॅटिन हे बुरशीनाशक (तोंडाने आणि योनीमार्गातूनही) आणि हुबेहूब दिसणारं बिनऔषधी द्रव्य दिलं गेलं. कधी काय दिलंय हे त्यांनाही माहीत नव्हतं, डॉक्टरांनाही नाही. निस्टॅटिन आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषलंच जात नाही. ते आतड्यातच राहून तिथलं यीस्ट मारतं. म्हणजे कल्पना खरी असेल तर गुण यायला हवा तो याच औषधाने. योनीमार्गाचा त्रास निस्टॅटिनने जास्त कमी झाला, तसा तो व्हायलाच हवा होता. थकवा, उदासी वगैरे तक्रारीही कमी झाल्या, पण औषधाने आणि बिनऔषधाने सारख्याच.

## दुसऱ्या बाजूचा अभ्यास नाहीच का?

आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. २००१ मध्ये नॉर्वेतल्या डॉक्टरांनी अशाच अनेक तक्रारी असलेल्या ११६ जणांना चार आठवडे निस्टॅटिन किंवा बिनऔषधी गोळी दिली. त्यात निस्टॅटिन घेणाऱ्यांना जास्त आराम पडला. ज्यांनी सोबत साखर आणि यीस्ट सोडलं त्यांनाही बरं वाटलं. पण पथ्य करायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवलं होतं. पथ्यावर विश्वास असणारेच पथ्य निवडणार, आणि आपण पथ्यावर आहोत हे त्यांना कळणारच. शिवाय त्या लोकांच्या आतड्यात कँडिडा खरोखर वाढलेली होती का, हे निवडीच्या वेळी पाहिलंच नव्हतं. निवड झाली ती प्रश्नावलीवरून. एवढ्याशा पुराव्यावर इमारत उभी करता येत नाही, पण तो केराच्या टोपलीत टाकण्यासारखाही नाही.

आतड्यातल्या बुरश्यांवर गंभीर संशोधनही चालू आहे. आतड्याच्या दीर्घकालीन दाहात कँडिडाच्या काही वाणांचा हात असावा असे पुरावे पुढे येतायत. लहान आतड्यात बुरशी वाढण्याचा एक प्रकारही वैद्यकीय साहित्यात नोंदलेला आहे. त्याचं निदान करायला दुर्बीण घालून लहान आतड्यातला द्रव काढतात आणि त्यात बुरशी किती आहे ते कल्चर करून मोजतात. पण ‘प्रयोगशाळेत यावर काम चालू आहे’ आणि ‘तुम्हाला हेच झालंय’ या दोन वाक्यांमध्ये फार मोठं अंतर आहे. सप्लिमेंट विकणारे ते एका उडीत पार करतात.

## थुंकी, शौच, रक्त: चाचण्यांचं काय

थुंकीची चाचणी एका ओळीत संपते. लाळेत चिकट प्रथिनं असतात, रात्रभरात ती दाट होते, आणि दाट चिकट पदार्थ पाण्यात दोऱ्यासारखा खाली उतरतो. बुरशीचा त्याच्याशी संबंध नाही.

शौचाच्या तपासणीत कँडिडा सापडली, असा अहवाल हातात आला की माणूस हबकतो. पण मातीत तणाचं बी सापडलं म्हणून शेत तणाने भरलंय असं होत नाही. निरोगी माणसाच्या शौचातही ती सापडते, आणि इतक्या संख्येच्या वर म्हणजे आजार, अशी सर्वमान्य रेषा नाही. रक्तातल्या कँडिडाविरोधी आयजीजी प्रतिपिंडांचंही तसंच. शरीराची या बुरशीशी कधीतरी गाठ पडली होती, इतकंच ती सांगतात, आणि ती बहुतेक सगळ्यांचीच पडलेली असते. लघवीतल्या ‘बुरशीच्या खुणा’ मोजणाऱ्या महागड्या तपासण्यांनी आतड्यातली वाढ ओळखता येते, हे सिद्ध झालेलं नाही.

## साखर तोडली की बुरशी उपाशी मरते?

या पथ्याचा पाया हाच आहे, आणि तो ऐकायला इतका सरळ वाटतो की कुणी तपासायला जात नाही. यीस्टला साखर आवडते, हे खरंच आहे. पीठ त्यामुळेच फुगतं. पण आतडं म्हणजे पिठाचं भांडं नव्हे. आपण खाल्लेली साखर लहान आतड्यातच भराभर शोषली जाते. जिथे सूक्ष्मजीवांची सर्वांत मोठी वस्ती आहे त्या मोठ्या आतड्यापर्यंत तिचा फारच थोडा भाग पोहोचतो. रक्तातली साखर म्हणाल, तर तुम्ही गोड खा की खाऊ नका, शरीर ती ठरावीक पट्ट्यात धरून ठेवतं. गोडधोड सोडून ती शून्यावर येत नाही, आणि आली तर आधी आपण बेशुद्ध पडू.

याची परीक्षाही झालेली आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २८ निरोगी स्वयंसेवकांना रोजच्या जेवणावर मुद्दाम भरपूर जादा साखर खायला दिली आणि तोंडातली, शौचातली कँडिडा मोजली. परिणाम अगदी मर्यादित निघाला.

उलट बाजूने पाहा. कँडिडा खाण्याच्या बाबतीत फार चोखंदळ नाही. साखर नसेल तर ती अमिनो आम्लांवर, लॅक्टिक आम्लावर, स्निग्ध पदार्थांवरही भागवते. आपण मांस, अंडी, तेल, तूप खाऊन ‘उपाशी ठेवतोय’ असं समजत असतो, तेव्हा ती उपाशी असेलच असं नाही. उपाशी राहतात ते मात्र उपयोगी जिवाणू. कारण फळं, कडधान्यं आणि धान्यांतला चोथा हे त्यांचं अन्न, आणि कडक कँडिडा पथ्यात पहिली कुऱ्हाड त्यावरच पडते. तण मारायला निघून पिकाचं खत बंद करण्यासारखं हे आहे.

साखरेचा आणि कँडिडाचा पक्का संबंध एका ठिकाणी आहे: ताब्यात नसलेला मधुमेह. तिथे रक्तात, लघवीत, लाळेत साखर खरोखरच वाढलेली असते आणि बुरशीचे संसर्ग वारंवार होतात. लघवीतून साखर बाहेर टाकणारी ‘ग्लिफ्लोझिन’ गटाची मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनाही जननेंद्रियाचा बुरशीसंसर्ग जास्त होतो. तेव्हा संसर्ग पुन्हा पुन्हा होत असेल तर साखर खाणं सोडण्याआधी साखर मोजून घ्यावी.

यीस्ट घातलेला पाव, व्हिनेगर, मशरूम यांच्यावरच्या बंदीला तर एवढाही आधार नाही. पावातलं यीस्ट ही वेगळी जात आहे, आणि भट्टीत ते मेलेलं असतं. मशरूम खाऊन आतड्यात कँडिडा उगवत नाही. गंमत म्हणजे याच पथ्यासोबत जी प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जिवंत सूक्ष्मजीवांची, कॅप्सूल सुचवली जाते, तिच्यात बऱ्याचदा सॅकरोमायसिस बुलार्डी असतं. तेही यीस्टच, आणि जिवंत.

## ‘पण मला पथ्याने खरंच बरं वाटलं’

वाटलं असेल, त्यात शंका घ्यायचं कारण नाही. पथ्यात काय काय सुटलं ते पाहा. दारू सुटली. पाकिटातलं, डब्यातलं खाणं सुटलं. शीतपेयं सुटली. रात्री उशिराचं अरबटचरबट सुटलं. यातल्या कुठल्याही एका गोष्टीने झोप सुधारते, वजन उतरतं, दुपारची गुंगी कमी होते.

पोट फुगण्याचं उत्तर बहुधा आणखी वेगळं आहे. गहू, कांदा, लसूण, काही फळं, दूध यांत अशा शर्करा असतात की ज्या लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. मोठ्या आतड्यात जिवाणू त्यांचा गॅस करतात. ज्यांचं आतडं हळवं असतं त्यांना तो गॅस सोसत नाही. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी याच तत्त्वावर ‘लो-फॉडमॅप’ आहार बसवला. त्याच्या पाठीशी चांगले प्रयोग आहेत. तो काही आठवडेच करायचा असतो आणि नंतर एकेक पदार्थ परत आणून नेमकं काय बाधतं ते शोधायचं असतं. कँडिडा पथ्यात नकळत यातले बरेच पदार्थ सुटतात, पोट हलकं होतं, आणि श्रेय जातं न मेलेल्या बुरशीला.

तुम्ही म्हणाल, आराम पडला ना, मग श्रेय कुणाला का जाईना? फरक पडतो. कारण दूध बाधत होतं म्हणून आराम पडला असेल, तर तुम्हाला फक्त दूध सोडायचंय. आयुष्यभर केळं आणि पाव यांना शत्रू मानायचं नाहीये. आणि कँडिडा हे कारण मानलं की पुढे पोट पुन्हा बिघडलं तर पथ्य आणखी कडक होतं, खाण्याजोग्या पदार्थांची यादी आखडत जाते, आणि काही जण अन्नाच्याच धास्तीत जगू लागतात.

## ‘त्रास वाढला, म्हणजे बुरशी मरतेय’

या साऱ्या प्रकरणातला सर्वांत घातक दावा मला हा वाटतो. पथ्य किंवा गोळ्या सुरू केल्यावर डोकं दुखलं, मळमळलं, पुरळ आलं, तर सांगितलं जातं: घाबरू नका, हा ‘डाय-ऑफ’ आहे. मरणाऱ्या बुरशीतून विषं सुटतायत. याला हर्क्सहायमर प्रतिक्रिया असं भारदस्त नावही दिलं जातं.

ती प्रतिक्रिया खरी आहे, फक्त तिचं घर दुसरीकडे आहे. ऑस्ट्रियाचे आडोल्फ यारिश यांनी १८९५ मध्ये आणि जर्मनीचे कार्ल हर्क्सहायमर यांनी १९०२ मध्ये ती सिफिलिस या गुप्तरोगाच्या रुग्णांत नोंदवली. स्क्रूसारख्या पिळदार जिवाणूंचे जे आजार असतात त्यांत औषधाचा पहिला डोस दिल्यावर काही तासांत थंडी वाजून ताप येतो, डोकं दुखतं, आणि साधारण दिवसाभरात सगळं ओसरतं. आठवडेच्या आठवडे चालणारा थकवा या वर्णनात बसत नाही. आतड्यातल्या यीस्टवरच्या पथ्याला ते नाव लावायला आधार नाही.

मग त्रास कशाने होतो? एकदम कर्बोदकं तोडली की पहिल्या आठवड्यात डोकेदुखी, मरगळ येऊ शकते. सोबत चहा-कॉफी सोडली असेल तर ती डोकेदुखी वेगळी. खोबरेल तेलाचे मोठे डोस, ओव्यासारख्या वासाच्या ओरेगॅनोचं तेल, दारुहळदीसारख्या झाडांतून मिळणारं बर्बेरिन यांनी पोट बिघडतं, जुलाब होतात. पुरळ उठलं तर ती ॲलर्जीही असू शकते, आणि त्या वेळी गोळी थांबवायची असते.

बरं वाटलं तर उपाय लागू पडला, आणि वाईट वाटलं तर उपाय अधिकच लागू पडला, अशी मांडणी केली की उपाय चुकला हे कळायची वाटच उरत नाही. पथ्य करून पाहू आणि काय होतं त्यावरून ठरवू, असं म्हणणारा माणूस इथेच अडकतो. कुठलाही निकाल लागला तरी त्याचं निदान पक्कंच होत जातं.

## सप्लिमेंटमधलं काय काम करतं

बाटलीमागच्या नावांची यादी लांबलचक असते: कॅप्रिलिक आम्ल, लसणाचा अर्क, ओरेगॅनो तेल, बर्बेरिन, ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क, बायोटिन, एन्झाइम, प्रोबायोटिक. यांतले बरेचसे घटक काचेच्या बशीत कँडिडाला मारतात, हे खरं. पण बशीत पुरेसा तीव्र टाकला तर साबणही कँडिडाला मारतो. प्रश्न असतो तो पदार्थ गिळल्यावर हव्या त्या जागी, हव्या त्या तीव्रतेने पोहोचतो का. खोबरेल तेलातलं कॅप्रिलिक आम्ल घ्या. ते आतड्याच्या वरच्या भागातच शोषलं जाऊन थेट यकृताकडे जातं. मोठ्या आतड्यातल्या बुरशीशी गाठ पडायला ते उरतच नाही.

लसणाची तर माणसांवर रीतसर परीक्षा झाली. मेलबर्नमध्ये ६३ स्त्रियांवर केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लसणाच्या गोळ्यांनी योनीमार्गातल्या कँडिडाची संख्या बिनऔषधी गोळीपेक्षा लक्षणीय कमी झाली नाही. (लसणाची पाकळी योनीत ठेवायचा सल्लाही फिरत असतो. त्याने नाजूक त्वचा भाजते. करू नये.) ग्रेपफ्रूटच्या बियांच्या अर्काच्या बाजारातल्या नमुन्यांत संशोधकांना बेंझेथोनियम क्लोराइड हे कृत्रिम जंतुनाशक सापडलं. म्हणजे ‘नैसर्गिक’ म्हणून जे जंतू मारत होतं, ते कारखान्यातलंच रसायन निघालं.

प्रोबायोटिकबद्दल माझं मत जरा मऊ आहे. अँटिबायोटिकमुळे लागणाऱ्या जुलाबात काही प्रकारांचा उपयोग होतो. पण अँटिबायोटिकनंतरचा योनीमार्गाचा बुरशीसंसर्ग टाळायला लॅक्टोबॅसिलस हे उपयोगी जिवाणू द्यावेत, ही अतिशय पटण्याजोगी कल्पना ऑस्ट्रेलियात तपासली गेली, आणि २००४ मध्ये निकाल आला तो नकाराचा. निरोगी माणसाला त्यातून अपाय सहसा होत नाही. अतिदक्षता विभागातल्या किंवा मोठ्या शिरेत नळी असलेल्या रुग्णांत मात्र सॅकरोमायसिस बुलार्डी रक्तात शिरल्याची उदाहरणं आहेत.

दोन धोके विशेष सांगायला हवेत. पहिला बायोटिन या जीवनसत्त्वाचा. त्याचे मोठे डोस रक्ताच्या काही तपासण्यांचे आकडे बिघडवतात, थायरॉइडच्या आणि हृदयविकारातल्या ट्रोपोनिनच्याही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. म्हणजे थकव्याचं खरं कारण थायरॉइड असेल, तर बुरशीच्या गोळीमुळेच ते झाकलं जाऊ शकतं. तपासणीआधी बायोटिन घेत असल्याचं सांगा, आणि किती दिवस बंद ठेवायचं ते विचारा. दुसरा धोका औषधांत औषधं मिसळण्याचा. लसणाच्या तीव्र अर्काने रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत रक्तस्रावाचा धोका वाढतो. बर्बेरिन यकृतातल्या, औषधं पचवणाऱ्या यंत्रणेत ढवळाढवळ करतं, आणि गरोदरपणात व अंगावर पाजताना ते घेऊच नये. बुरशीवरचा उपाय म्हणून चांदीचं पाणी (चांदीचे सूक्ष्म कण असलेलं पाणी) विकणाऱ्यांपासून तर लांबच राहावं. त्याने कातडी कायमची निळसर-करडी होऊ शकते.

‘मग थेट फ्लुकोनॅझोल ही बुरशीनाशक गोळीच घेतो’, असंही काही जण ठरवतात. ते प्रभावी औषध आहे, पण त्याच्या कित्येक औषधांशी आंतरक्रिया होतात, यकृतावर ताण येऊ शकतो, गरोदरपणात ते टाळतात. आणि गरज नसताना वापरत राहिलं तर दाद न देणाऱ्या जाती मागे उरतात. कँडिडा क्रुसी ही जात तर मुळातच त्याला जुमानत नाही.

## तरीही पथ्य करून पाहायचं असेल तर

करा, पण आधी तपासण्या, मग पथ्य. हा क्रम उलटा झाला की एक मोठा घोटाळा होतो. सिलिअॅक म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार. त्याच्यात थकवा, पोट फुगणं, रक्त कमी असणं, डोकं धुकट होणं हे सगळं असतं. त्याची रक्ततपासणी तुम्ही गहू खात असतानाच खरी येते. काही महिने गहू सोडून तपासायला गेलात तर ती खोटी ‘नॉर्मल’ येऊ शकते, आणि मग निदानासाठी पुन्हा कित्येक आठवडे गहू खात बसावं लागतं.

थकव्यासाठी हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बी-१२, थायरॉइडचं टीएसएच, तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारं एचबीएवनसी, एवढ्यातून पुष्कळांची उत्तरं निघतात. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, नैराश्य, रजोनिवृत्तीच्या आसपासचे बदल यांचाही विचार व्हायला हवा. यांतलं काही सापडलं तर त्याला उपचार आहेत.

पथ्य सुरू केलं तर त्याला मुदत घाला, चार आठवडे पुरेत. साखर, दारू, पाकिटातलं खाणं एवढंच कमी करा. फळं, भाज्या, कडधान्यं राहू द्या. सोबत एकही सप्लिमेंट सुरू करू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. त्रास कसा कमी-जास्त होतो ते रोज दोन ओळींत लिहा, आणि सुरुवातीलाच लिहून ठेवा की कुठली तक्रार किती कमी झाली तर उपयोग झाला म्हणायचं. मग सोडलेले पदार्थ एकेक करून परत आणा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कर्बोदकं तोडू नयेत, साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. गरोदर स्त्रिया, वाढीची मुलं, मुळात वजन कमी असलेली माणसं आणि खाण्याच्या विकारातून गेलेल्या व्यक्ती यांनी या वाटेला जाऊच नये.

## डॉक्टर ऐकूनच घेत नसतील तर

हा आक्षेप खरा आहे, आणि कँडिडाची कल्पना इतकी पसरली ती बरीचशी यामुळेच. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका’ म्हणून वाटेला लावलेला माणूस शेवटी त्याच्याकडे जातो जो म्हणतो, तुम्हाला काय झालंय ते मला ठाऊक आहे.

डॉक्टरांकडे जाताना ‘मला कँडिडा झालीय’ असं सांगण्याऐवजी त्रास सांगा: कधीपासून, जेवणानंतर किती वेळाने, कशाने वाढतो, कुठली औषधं आणि सप्लिमेंट चालू आहेत. योनीमार्गाचा संसर्ग वर्षात तीन किंवा अधिक वेळा झाला असेल तर अंदाजाने आणखी एक क्रीम न घेता स्रावाचं कल्चर मागा. जात कुठली हे कळलं की औषध बदलतं, आणि अल्बिकन्स निघाली तर सहा महिने आठवड्यातून एकदा फ्लुकोनॅझोल देण्याची रूढ पद्धत आहे. इनहेलर, कवळी किंवा अँटिबायोटिक असं काहीच निमित्त नसताना मोठ्या माणसाच्या तोंडात पांढरे थर आले, तर साखर आणि एचआयव्ही दोन्ही तपासून घ्या. आणि न ठरवता वजन उतरणं, शौचातून रक्त, गिळताना दुखणं किंवा अन्न अडकणं, सतत ताप, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी, यांपैकी काहीही असेल तर पथ्याचे चार आठवडेसुद्धा वाट पाहू नका.